बाजरीच्या जोडीला

जाताना मला सांगून गेला नाहीत, ते एक वेळ सोडून देते. आपल्यात सांगून जायची पद्धत होती कुठं? पण मांजरीला तरी सांगून जायचं होतं. साडेचार महिने झाले, रोज संध्याकाळी साडेसहाला ती उंबऱ्यावर जाऊन बसते आणि तुमची सायकल वळायची तो कोपरा बघत राहते. सून दळण घेऊन येते ती तिला ओलांडून. पिंकी शाळेतून येते ती तिच्यावरनं उडी मारून. मी पायानं ढोसते, ‘ऊठ मेले’ म्हणते. ती माझ्याकडे वळून बघते आणि पुन्हा कोपऱ्याकडे मान करते. मांजर तुमची. तिची समजूत घालायचं काम तुमचं. ते माझ्या गळ्यात का?

अहो,

पिंकी म्हणते पत्राच्या वर ‘प्रिय’ लिहायचं असतं. चाळीस वर्षांत तोंडातून आलं नाही, ते आता कागदावर कसं येणार? तुमचं नावही कधी घेतलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. तर नुसतं अहो. तुम्हाला तेवढ्यात ओ द्यायची सवय आहे.

अक्षराला हसू नका. मला दुसरीतनं उठवून शेण गोळा करायला लावलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पिंकीच्या जुन्या वहीच्या मागल्या पानांवर लिहिते आहे. ती चुका काढायला बसली होती, तिला हाकललं. नवराबायकोच्या पत्रात नातीनं काना-मात्रा बघायच्या?

आजच लिहायला घेतलं, कारण आज मांजर दारात गेली नाही. साडेसहा झाले, पावणेसात झाले, समोरच्यांचा टीव्ही लागला. बाजरी आत शिलाई मशीनच्या खाली पडून होती. मीच उठून दारात जाऊन बघून आले, म्हटलं बाहेर कुठं बसली की काय. तर नाही. आता हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर वाटेल, विसरली बया. विसरली नाही. कसं झालं ते नीट ऐका, मध्ये बोलू नका.

दाणाबाजार दाणाबंदरातून इकडे वाशीला हलला, तेव्हाची गोष्ट आठवते ना? माणसं ट्रकातून आली, काटे आले, पोती आली, शेटजींच्या गाद्या आणि तक्केसुद्धा आले. मांजरी तेवढ्या तिथंच राहिल्या. पंधरा वर्षं ज्यांनी उंदीर मारले, त्यांना आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही मात्र रिकाम्या बारदानात एक पिल्लू गुंडाळून घरी आलात. अंगाचा रंग बघून मी म्हटलं, ही तर बाजरीच्या पोत्यात बुडवून काढली आहे. झालं, तेच नाव पडलं. मी म्हटलं होतं दोन दिवस ठेवा. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. तुमचं ‘बरं’ म्हणजे काय असतं, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं.

आणि मग तुम्हाला चांगलंच सापडलं. माझ्याशी बिनसलं की तुम्ही तिच्याशी बोलायचे. मी ताट वाढून समोर उभी, आणि तुम्ही मांडीवरच्या मांजरीला सांगायचे, “बाजरे, सांग सुरेशच्या आईला, आमटीत मीठ राहिलंय.” मीही कमी नव्हते. “बाजरे, सांग त्यांना, मीठ ताटात उजवीकडं हाय, डोळं उघडून बघा म्हणावं.” सून सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसायची. पुढं तिलाही सवय झाली. कधीकधी तुम्ही चार-चार दिवस असे तिच्यातूनच बोललात. बरं, तिच्याशी बोलताना आवाज कसा लोण्यासारखा! माझ्या वाट्याला तो आवाज कधी आला? सांगा की.

तुम्ही गेल्यावर तिनं खाणं सोडलं. अगदी सोडलं असं नाही, दोन चाटे दूध आणि पुरे. मी लक्ष दिलं नाही. घरात माणूस गेलेलं, मांजरीचं कोण बघतंय? पण गणपतीच्या आधी मी तिला उचललं, तर हातात नुसती हाडं. पाठीचा कणा बोटांना टोचला. मग मनात आलं, हिला कुणीतरी सोबत हवं. माणसाच्या जागी माणूस आणता येत नाही, मांजरीच्या जोडीला मांजर तर आणता येईल.

आता मी बघायला निघाले म्हणजे कशी बघणार? सुरेशसाठी बारा मुली बघितल्या होत्या, तशीच. अंगानं धड आहे का, कामाला खमकी आहे का, खाण्यात नखरे नाहीत ना. तुमच्या हमालांच्या टोळीतल्या शंकरला निरोप दिला. तो लगेच गाळ्यावरचा बोका घेऊन हजर. त्या बोक्याचं डोकं नारळाएवढं, एक कान फाटलेला. शंकर म्हणाला, “वैनी, ह्यो एकटा तीन गाळे सांभाळतो.” मी खूश. मला वाटलं, असा दणकट सोबती मिळाला की हिलाही जोर येईल.

अहो, त्यानं पोत्यातनं बाहेर उडी मारली आणि सगळ्यात आधी तांदळाच्या उघड्या डब्यात धार सोडली. मग बाजरीच्या वाटीतलं दूध प्यायला. बाजरी माळ्यावर चढली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली आली नाही. सुनेनं सगळे तांदूळ निवडून धुवून उन्हात घातले आणि एक शब्द बोलली नाही. मंदा बोलली नाही की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं. बोक्याला त्याच दिवशी संध्याकाळी परत धाडलं.

मग पिंकीचं सुरू झालं. तिच्या वर्गातल्या पोरीची कुणी मावशी बेलापूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहते. तिच्या नवऱ्याची बदली झाली, त्यांची मांजर द्यायची आहे. गेलो आम्ही दोघी. मी नवी साडी नेसले, काय सांगू तुम्हाला. पांढरीशुभ्र मांजर, कापसासारखे केस, सोफ्यावर बसलेली. बाईंनी चहा दिला, पोहे दिले, आणि विचारायला लागल्या. तुमच्याकडे किती खोल्या? ती झोपणार कुठं? तिला उकडलेलं चिकन लागतं, हाडं काढून, जमेल का? रोज केस विंचरावे लागतात, कोण विंचरेल? मी मुलगी बघायला गेले होते की मुलगी दाखवायला, तेच मला कळेना. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे माझेच केस आठवड्यातून दोनदा विंचरले जातात. पोहे संपवले आणि उठले. पिंकी परतीच्या बसमध्ये तोंड फुगवून बसली. तिला म्हटलं, दिसायला छान आहे म्हणून आणायची, तर ती आपल्याला आवडली. बाजरीला काय मिळालं त्यात?

बोलून गेले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. पहिल्या वेळी तरी मी काय वेगळं केलं होतं? बोका मला आवडला होता.

त्या आठवड्यात सुरेशनं विषय काढला. तो न्हावाशेव्याच्या कामावरनं दमून आला होता, बाजरी दारात, तिला बाजूला सारून आत आला. म्हणाला, “आई, हाडं दिसायला लागलीत तिची. रविवारी नेऊन गाळ्यावर सोडतो. तिथं चार मांजरांत राहील, उंदीर बघून तरी भूक लागंल.” वाईट मनानं बोलला नाही तो. मी मात्र अंगावर गेले त्याच्या. म्हटलं, मग मलाही सोड तिथं, मीही जेवत नाही नीट.

मला का एवढं लागलं, ते त्याला सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिथं होता.

कुरडयांचे दिवस होते. मी पहाटे उठून चीक शिजवला, ओट्यावर कापड अंथरून कुरडया घातल्या, आणि तुमच्या लाडकीनं त्यांच्यावरनं सरळ चालत जाऊन प्रत्येकीवर पंजा उठवला. तुम्ही हसलात. “सही केली” म्हणालात. मी बोलणं टाकलं. चार दिवस. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही डबा भरून होईपर्यंत बाहेर बसला होता. बाजरी मांडीवर. मी आत भाकरी थापत होते. तुम्ही तिला म्हणालात, “बाजरे, छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय गं.”

मला ऐकू आलं होतं.

मी काय म्हटलं? म्हटलं, “बाजरे, सांग त्यांना, तंबाखू सोडा म्हणावं, आपोआप थांबंल.” तुम्ही जरा हसलात आणि सायकलवर टांग टाकून गेलात. दुपारी शंकर तुमची सायकल घेऊन आला. घंटी ओळखून बाजरी पळत रस्त्यापर्यंत गेली, शंकरच्या पायाचा वास घेतला आणि मागं फिरली. माझ्या आधी तिला कळलं.

तुम्ही सरळ मला का नाही म्हणालात? आणि मी तरी भाकरी तव्यावर टाकून बाहेर का नाही आले? करपली असती, आणखी काय झालं असतं? एवढ्यात किती वेळा मी हे मनात फिरवलं, त्याला हिशेब नाही. तर अशी मांजर मी गाळ्यावर पाठवणार? तुमचं शेवटचं बोलणं तिच्याशी झालेलं आहे.

मग हिराबाई आली. कोपरखैरण्याच्या गावातली आगरीण, पाटी घेऊन दारावर मासळी विकते ती. तुम्ही तिच्याकडून बाजरीसाठी मांदेलीची डोकी मागून घ्यायचे. तिनं बाजरीला बघितलं, पाटी खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. बोक्याचं ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाली, “आजी, तू सून बगाया गेल्यावानी बगतंस. मोठा जनावर आनलास तं ती बोलंल, ह्यो माजा घर घ्यावाला आयलाय. तिला बारकी पोर दे. मादी. आयशीपाशी दोन-अडीच म्हैने वाडलेली, भावंडांशी खेललेली. लहानाला कोन भितंय?”

तिच्याच घरी मांजर व्यालेली होती. चार पिल्लं. पिंकीला गोरं-पिवळं पिल्लू हवं होतं. मी या वेळी हात घातला नाही, नुसती बसून बघत राहिले. तीन पिल्लं मस्ती करत होती. चौथी काळपट, मळकी, शेपटीला गाठ. ती मार खायची, उठायची, आणि परत त्यांच्यातच जायची. रुसून कोपऱ्यात बसली नाही की अंगावर धावून गेली नाही. म्हटलं, आपल्या घरात टिकायला हाच स्वभाव लागतो. माझ्यात नाही, तुमच्यात नव्हता. हिला घेऊ.

आणली. हिराबाईनं बजावलं होतं तसं लगेच समोर ठेवली नाही. मोरीत ठेवली, दार लावून. आठ दिवस सगळं घर समोरच्यांच्या मोरीत आंघोळीला गेलं, हे सुरेश जन्मभर विसरणार नाही. बाजरी दाराच्या फटीशी नाक लावायची, फिस्स करायची, आणि परत उंबऱ्यावर. चौथ्या दिवशी तर तिनं दूधही चाटलं नाही. सुरेशनं माळ्यावरनं रिकामं बारदान काढून झटकून ठेवलं. मी बघितलं. शनिवार होता.

हिराबाई म्हणाली, “मानूस डोल्यांनी वलखतो, मांजार नाकानं. तिला ज्याचा वास आपला वाटतं, त्याचा एकांदा कापड हाय का घरान? न धुतलेला?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुमचे कपडे तेराव्यानंतर मीच वाटून टाकले होते. उरलेले सोडा घालून उकळून धुतले. सगळ्यांसमोर.

पण एक होतं. पोतं उचलताना खांद्यावर टाकायचा तुमचा तो जाड पंचा. शंकरनं सायकलसोबत डबा, लोखंडी आकडा आणि तो पंचा आणून दिला होता. मी घरात सांगितलं, पंच्याचं पायपुसणं केलं आणि ते फाटलं म्हणून टाकलं. टाकलं नव्हतं. साखरेच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड दोऱ्यानं बांधून माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवला होता. आता हे वाचून छाती फुगवू नका. धुवायचं राहून गेलं, एवढंच. कधीतरी पिशवी उघडली असेन. दोनदा. फार तर तीनदा. घाम, तंबाखू आणि तुरीच्या डाळीची धूळ. तुमच्यापाशी बसलं की यायचा तोच वास.

एकदा मांजरींना दिला की गेला. ते मला कळत होतं. ट्रंकेपाशी मी बराच वेळ बसले. मनात आलं, मांजर ती मांजर, जगली काय आणि मेली काय, मी माझं उरलंसुरलं का द्यावं? खोटं कशाला सांगू, आलं हे मनात. मग बाहेर बघितलं. ती उंबऱ्यावर बसली होती आणि तिला नीट बसताही येत नव्हतं, एका कुशीला कलत होती. तुम्ही असता तर शर्ट काढून दिला असतात, अंगावरचा.

पिशवी बाहेर काढली तेव्हा मंदा मागं उभी होती. मी म्हटलं, सापडला बाई, कुठं पडला होता कुणास ठाऊक. ती म्हणाली, “मला ठावं हुतं आत्या. औंदा तुमच्या ट्रंकंत डांबराच्या गोळ्या म्या टाकल्याच न्हाईत. वास मोडला असता.”

बारा मुली बघून ही आणली होती मी. कामाला खमकी म्हणून. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होता, पोरगी मनानं चांगली आहे. मी म्हटलं होतं, मन काय चाटायचंय? ते मागं घेते.

पंचा कडेला दातानं चावला आणि टर्रकन दोन तुकडे केले. एक मोरीत पिल्लाखाली. दुसरा उंबऱ्यावर बाजरीपुढं. तिनं नाक लावलं. मग अख्खं तोंड आत घातलं. मग दोन्ही पंजांनी मळायला लागली, मी भाकरीचं पीठ मळते तशी, डोळे मिटून. अंगातनं घरघर. साडेचार महिन्यांत तो आवाज घरात नव्हता. पिंकी रडायला लागली. मी तिला ओरडले, म्हटलं रडतेस काय, जा कांदा चिर.

रविवारी सुरेशनं बारदानाची घडी करून परत माळ्यावर ठेवली.

दोन दिवसांनी तुकडे बदलले, तिचा हिला, हिचा तिला. बाजरीनं नवा वास हुंगला, एकदा फिसकारली, पण तुकडा सोडून उठली नाही. तुमचा वास खाली होता ना. आणखी दोन दिवसांनी मोरीचं दार उघडलं. काळी बया शेपटीची गाठ वर करून सरळ चालत आली. बाजरीनं तिला एक चापट मारली, बरी सणसणीत. पिल्लू उताणं पडलं, उठलं, आणि परत तिच्याचपाशी गेलं. मग बाजरीनं तिचा कान धरला. मला वाटलं चावते. ती चाटत होती. त्या दिवशी तिनं बोंबील खाल्ला. पूर्ण.

पिल्लाचं नाव नाचणी ठेवलं आहे. पिंकीला ट्विंकल ठेवायचं होतं. दाणाबाजारच्या घरात ट्विंकल?

काल पंच्याचे तुकडे उचलून वास घेऊन बघितला. धुवायला झाले का हे बघायला. आता नुसता मांजरींचा वास येतो. तुमचा गेला. थोडा वेळ वाईट वाटलं, लिहायला हरकत नाही. मग ते दोन्ही तुकडे होते तिथंच टाकले. त्या दोघी मशीनखाली त्यावरच झोपल्या आहेत, एकीच्या पोटावर दुसरीची गाठीची शेपटी.

एक कबूल करते, आणि मी कबूल केलेलं मोडत नाही हे तुम्ही जाणता. या घरात यापुढं कुणी म्हटलं की दुखतंय, मग ते मला म्हटलेलं असो, मांजरीला असो की भिंतीला असो, मी तव्यावरची भाकरी सोडून उठेन. माझा कितीही अबोला असला तरी उठेन.

आता पुरे. बोटं दुखायला लागली.

सुरेशची आई

ता. क. उत्तराची घाई नाही. मला यायला अजून वेळ आहे, नाचणीला मोठी करायची आहे. पण आले की पहिलं त्या सकाळचं विचारणार आहे. दोन मांजरी झाल्या म्हणजे निरोपाला दोघी झाल्या, असं समजू नका. कुणाला मांडीवर घेऊन बोलायचं नाही. उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं, माझ्या तोंडाकडे बघून.